मावशीच्या माघारी धुतलेलं कापड

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळचे सहा. काम: चर्चमधल्या वेदीच्या कापडाला इस्त्री.

हे काम माझं नव्हे, आमच्या वाडीतल्या मावशीचं. ती माझी सख्खी मावशी नाही, सगळ्या गावाचीच मावशी. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आखातात. ती लग्न होऊन आली तेव्हा वेदीची कापडं तिची सासू धुवायची. सासू थकली तेव्हा हिनं हातात घेतली ती आजतागायत. दर सोमवारी कापडाचं गाठोडं काखेत मारून घरी न्यायचं आणि बुधवारी घडी करून परत आणून द्यायचं. तिच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण तिच्याकडे दोन नारळाची झाडं आहेत आणि गावाला पुरेल इतकी जीभ आहे. पण सोमवार ते बुधवार ती जरा ताठ चालते, हे खरं.

जुलैपासून कापडावर डाग राहायला लागले. मेणबत्तीच्या मेणाचे थेंब तसेच, द्राक्षरसाचे ठिपके तसेच. एकदा तर मधोमध इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला होता, त्यावर फुलदाणी ठेवून फादरनी रविवारच्या प्रार्थनेची मिस्सा उरकली. मोतीबिंदू झालाय हे सगळ्यांना दिसत होतं, तिला सोडून. ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची किंवा नाव काढणाऱ्याच्या घरातली भानगड काढायची.

त्याच सुमाराला फादरनी प्रवचनात सांगितलं की लांबच्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं, दर रविवारी शेजारच्या बाकावर बसणाऱ्यावर करून दाखवा. ते ऐकून माझं मन हेलावलं असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे प्रवचनभर माझी नजर एका पिवळ्या डागावर होती. पुढच्या गुरुवारी मी ते कापड पिशवीत घालून घरी आणलं.

वेदीमागच्या खोलीची किल्ली एका काकांकडे असते. पोस्टातून निवृत्त झालेला, शब्द जपून वापरणारा माणूस. मावशीला कळता कामा नये, कुणालाच कळता कामा नये, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी मान हलवली. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मी मेण खरवडत होते, उरलेलं मेण जुन्या वर्तमानपत्रावर गरम इस्त्रीनं टिपत होते, कापड धुऊन नीळ देत होते, भाताच्या पेजेची खळ घालत होते. शुक्रवारी पहाटे इस्त्री, आणि माणिकपूरच्या शाळेच्या ऑफिसातून सुटले की येताना चर्चमध्ये परत. नवरा म्हणाला, माझ्या शर्टाला अशी इस्त्री या जन्मात मिळाली नाही. मी म्हटलं, तू वेदीवर अंथरून घेणार असशील तर करते.

रविवारी कापड सुरेख दिसायचं. मी परत केलेलं असायचं त्याहूनही सुरेख. ते मी खळीच्या खात्यावर जमा केलं. मिस्सेनंतर बायका मावशीच्या हातांचं कौतुक करायच्या आणि मी बाजूला उभी राहून गप्प बसण्याचं सुख घ्यायचे. हे सुख फार वाईट असतं, त्याची सवय लागते.

तर त्या शुक्रवारी पाच वाजता मी कापड कपाटात ठेवलं आणि काकांशी दोन शब्द बोलत होते, म्हणजे मी दोन शब्द बोलत होते, तेवढ्यात नव्या इमारतींमधली बँकवाली बाई आत आली. बँकेत अधिकारी आहे, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आली, कामाला चोख. मला बघून दचकली, पण हातातली रिकामी पिशवी लपवायला उशीर झाला होता.

"आता कळलंच तुम्हाला," ती म्हणाली, "पण प्लीज, मावशींना सांगू नका. दिसतच नाही हो त्यांना. मी दर शुक्रवारी नेते आणि परत धुते." मग तिनं कपाटातून माझं कापड काढलं आणि घडी उलगडून माझ्यासमोर धरलं. "ही इस्त्री बघा ना. आणि खळ? पापड झालाय नुसता. बिचारी."

बिचारी तिच्यासमोरच उभी होती. सकाळी सव्वा तास त्या इस्त्रीत गेला होता.

मी काकांकडे वळले. ते मेणबत्त्यांच्या वाती कापत होते. विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का.

"दोघींनी सांगितलेलं, कुणाला सांगू नका," काका म्हणाले. "मी नाही सांगितलं."

यावर काय बोलावं हे ठरायच्या आत फादर आले. त्यांनी तेच कापड उचललं, ट्यूबलाइटसमोर धरलं, आणि कापडातून आम्हाला ट्यूबलाइट दिसली. चार महिन्यांत इतकं विरलं, फादर म्हणाले, मावशी फार जोरात घासतात, वय झालं की अंदाज राहत नाही. म्हणून त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. रविवारी ख्रिस्तराजाचा सण, त्या मिस्सेनंतर मावशीचा सत्कार. शाल आणि मानपत्र. आणि पुढच्या आठवड्यापासून कापडं सातिवलीच्या एका लॉन्ड्रीत. मानपत्र छापूनही आलं होतं.

मावशीनं कापड झिजवलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा धुऊन आम्ही झिजवलं होतं. आम्ही गप्प राहिलो असतो तर आमचं काही बिघडणार नव्हतं. मावशी मात्र सोमवारी शाल पांघरून घरी बसली असती. बँकवालीनं माझ्याकडे बघितलं. मी जास्त जुनी, म्हणून मला बोलावं लागलं.

फादरनी सगळं ऐकून घेतलं. तिघी धुता, दर आठवड्याला, असं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग खुर्चीत बसून ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. ते हसत होते की चिडले होते हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी म्हणाले, लॉन्ड्री थांबवतो, पण पुढे कसं करायचं ते तिघींनी बसून ठरवा. दोघींनी नव्हे.

तेच कापड घेऊन आम्ही दोघी तशाच मावशीकडे गेलो, तेव्हा ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. बँकवालीनं सुरुवात केली ती तब्येत, हवा, मुलाचा फोन अशा वळणानं. आम्ही मुद्द्यावर येईपर्यंत वाल संपले असते, म्हणून मी सांगून टाकलं, की मावशी, तू धुतलेल्या कापडावर डाग राहतात, चार महिने मी ते परत धुते आणि माझ्यानंतर ही परत धुते.

मावशीचे हात थांबले.

"कोनत्या साबनानं?" तिनं विचारलं.

मी साबण सांगितला. तिनं तोंड वाकडं केलं. मग बँकवालीच्या मांडीवरचं कापड चाचपून आपल्याकडे ओढलं आणि घडीवरून बोटं फिरवली.

"ही घडी कोनी केली?"

मी म्हटलं, मी. तिनं ती मोडली आणि नव्यानं घातली. ते जास्त लागलं.

मग म्हणाली, "मेन हाताला लागतं. रसाचा डाग हाताला लागत नाय. चार महिने मी देवापुढं घान कापड ठेवलं, आनि तुम्ही मला सांगितलं नाय."

बँकवाली कळवळून म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, मावशी."

"मग आता काय वाटतंय?"

शेवग्याच्या शेंगांसारखी आमची दोघींची तोंडं लांब झाली असावीत, पण ते तिला दिसत नव्हतं, तेवढी सोय. तिनं उरलेले वाल सोलले, टरफलं बाजूला सारली आणि वाटणी जाहीर केली. धुणार ती. इस्त्री बँकवाली करणार. मी इस्त्रीला हात लावायचा नाही. मी फक्त बघायचं आणि डाग कुठे आहे ते सांगायचं, आणि खरं सांगायचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं का, असं मी त्याच ओघात विचारून घेतलं. नाताळनंतर बघू, म्हणाली. नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी तिच्या धुण्याच्या दगडी चौथऱ्यावर होते. सणाचं जाड कापड तिनं पाण्यात भिजवून ठेवलं होतं. मी उजेडाच्या बाजूला उभी राहिले म्हणून आधी बोलणी खाल्ली, तिला दिसत नाही तरी. मग तिचा अंगठा धरून मी पहिल्या डागावर ठेवला. तिनं घासलं, पाणी मारलं, विचारलं, "गेला?"

चार महिन्यांच्या सवयीनं हो म्हणणार होते.

"नाही," मी म्हटलं.

तिनं परत साबण लावला.