सरकत गेलेला भांग

पुण्याच्या क्लिनिकमधली मुलगी फोनवर मला दर वाक्याला 'मॅम' म्हणत होती. डोक्याचे चार फोटो पाठवा, मॅम. पुढच्याच आठवड्यात या, मॅम. मागचे केस काढून पुढं लावायचे, एका दिवसाचं काम. मी दूध संस्थेच्या खोलीत दार लोटून बसले होते आणि बाहेर बायका किटल्या वाजवत होत्या. मी तारीख घेऊन टाकली. आधी विचार करून मग काही करणं मला जन्मात जमलेलं नाही. मी आधी करते आणि मग तळमळत बसते.

आमची बायकांची दूध संस्था धारूरच्या डोंगराखालच्या एका गावात आहे आणि मी तिची सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, मशीनवर फॅट बघायची, वहीत लिहायचं. तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. निम्मी जनावरं चारा छावणीत होती आणि टँकर आला तर आला. पंधरा दिवसांतून एकदा डोक्यावरून न्हायचं, तेही टँकरच्या खारट पाण्यानं. गावातल्या सगळ्याच बायकांचे केस गळत होते आणि सगळ्याजणी टँकरवाल्याला शिव्या देत होत्या. माझ्या टाळूची आग व्हायची, खाज सुटली की फणीनं खसाखसा खाजवायचे, आणि शिव्यांत माझीही भर घालायचे. त्या दिवसांत दूध आटलं तरी दुष्काळ, पोर नापास झालं तरी दुष्काळ. केसांचं कोण वेगळं काढणार?

मग एकदा मशीनवर वाकले आणि पदर घसरला. समोर दूध घालायला आलेली म्हातारी तोंडाची भारी फटकळ. ती म्हणाली, "अगं, हितं कातडं कसं चकाकतंय? डाग दिल्यावानी." दुखणाईत बैलाला आमच्याकडं तापल्या लोखंडाचा डाग देतात. त्या जागी पुन्हा केस येत नाहीत, हे आमच्या लेकरांनाही ठाऊक असतं. मी पदर वर ओढला तो कायमचाच. बायका चिडवायच्या, "का गं सचिवबाई, मशीनच्या मागं सासरा बसलाय का?" मीही हसायचे. घरी येऊन मात्र एक आरसा पुढं आणि एक मागं धरून मान मोडेपर्यंत बघत बसायचे.

नवरा मोजकंच बोलतो. पुण्याची तारीख कळल्यावर म्हणाला, "पुण्याला जा, न्हाई कोन म्हनतंय. पन आदी बीडच्या चामडीच्या डॉक्टरला दाव." म्हणून बीडला गेले. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी भिंग लावून बघितलं, कातडीचा बारका तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी सरळच सांगितलं. हे साधं केस गळणं नव्हे. केसाच्या मुळाशी सूज येते, मूळ मरतं आणि तिथं व्रण होऊन कातडी बुजते. गेलेलं येत नाही, उरलेलं राखायचं.

"आन् पुण्याला लावून घेतले तर?" मी विचारलं.

"आजार जागा असताना लावले तर तेही जातील. टोचल्यानं आणखी भडकायचीही भीती आहे. आधी तो निजला पाहिजे. निजल्यावर निदान दोन वर्षं उठला नाही, तर एवढ्याशा जागेत थोडे लावून बघता येतात. तेव्हाही खात्री देता येणार नाही."

दोन वर्षं! मला दूध नासेल म्हणून टेम्पोची दहा मिनिटं वाट बघवत नाही. मी खुर्चीतच चुळबुळ करायला लागले. बाई म्हणाल्या, "हे सुरू कधी झालं? जुने फोटो असतील तर पुढच्या वेळी आणा."

जुने फोटो संस्थेच्या भिंतीवर होते. दरवर्षी सभा झाली की आम्ही सगळ्याजणी रांगेत उभ्या राहून फोटो काढायचो. मी तीन फ्रेमा उतरवून टॉवेलात गुंडाळल्या. "फोटू कुठं न्यायलीस गं?" असं कुणीतरी विचारलंही. घरातून कपिलधारचा एक घेतला, धबधबा आटला होता त्या साली आम्ही दोघी जावा कोरड्या कातळापुढं उभ्या होतो तो.

बाईंनी ते टेबलावर ओळीनं मांडले आणि मला दाखवले. पहिल्या फोटोत माझा भांग नाकाच्या रेषेत होता. कपिलधारच्या फोटोत डावीकडं कललेला. पुढच्या सभेला आणखी डावीकडं, आणि शेवटच्या फोटोत पार भुवईच्या टोकावर गेलेला. "भांग बदललात का?" बाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले. खरंच मी बदलला नव्हता, कारण माझा भांग मी काढतच नाही. धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हापासून माझी वेणी तीच घालते. सकाळच्या दुधाची घाई, माझ्या हातात वही आणि डोकं तिच्या हातात.

"दोन वर्षं तरी झाली याला," बाई म्हणाल्या. "तेव्हाच आला असता तर बरंच वाचलं असतं."

एसटीत फ्रेमा मांडीवर घेऊन मी धुमसत होते. घरी पोचले तर धाकटी शेण काढत होती. मी फोटो तिच्या पुढ्यात धरला. तिनं बघितलं आणि हात पुसत खालीच बसली.

"चिंचोक्याएवढं व्हतं, आक्का," ती म्हणाली. "मला वाटलं पानी बदललं की येत्याल. तुमी चार लोकांत बसता, तुमच्या जीवाला लागलं असतं. म्हनून जरा बाजूला सारून झाकलं."

"कावून सांगितलं न्हाईस?"

मी मग वाटेल ते बोलले. तुझ्या झाकण्यानं माझं डोकं गेलं, असंही बोलले. महिनाभर माझी वेणी मीच घातली, वेडीवाकडी. ती शेजारच्या चुलीपाशी भाकरी थापायची आणि माझ्याकडं चोरून बघायची. एक दिवस भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाली, "माझे लावता येत्याल का? लई हायती." तिचे केस खरोखर कमरेच्या खाली आहेत. दुसऱ्याचे चालत नाहीत, स्वतःचेच लागतात, असं मी सांगितलं आणि मलाच रडू फुटलं. मला तिचा राग होता आणि तिच्याशिवाय करमतही नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पुण्याची तारीख मी आधीच पुढं ढकलली होती, ती आता सोडूनच दिली. गोळ्या, मलम सुरू झालं. बाईंनी सांगितलं होतं, दर महिन्याला घरच्या कुणीतरी उजेडात नीट बघायचं, केस गेलेल्या जागेची कड आणखी सरकतेय का, केसांच्या बुडाशी लाली आहे का. नवऱ्याला बसवलं तर तो न बघताच "हाय तसंच हाय" म्हणायचा. शेवटी धाकटीलाच म्हणाले, "तू बघ. पन झाकायचं न्हाई. दिसंल ते सांगायचं."

वेणी पुन्हा तिच्याकडं गेली, आणि दर अमावास्येला ती भुवईपासून कडेपर्यंत दोरा धरायची. पहिल्या दिवशी कड आली तिथं गाठ मारून दोरा कुंकवाच्या करंड्यात ठेवला होता. दुसऱ्या अमावास्येपर्यंत लाली गेली, आणि मग दर महिन्याला एकच, "गाठीवरच हाय, आक्का." मी महिने मोजायला लागले. पाऊस झाला, छावणी उठली, जनावरं घरी आली. मला मात्र कुठंच बूड टेकवत नव्हतं. पुण्याच्या क्लिनिकमधल्या मुलीचा फोन यायचा आणि मी तिला किती महिने उरले ते सांगायचे.

चौदाव्या अमावास्येला सकाळी उंबऱ्यात बसले. तिनं दोरा धरला, सोडला, पुन्हा धरला. मग अंगठ्यानं कातडी दाबून बघितली. तिचा हात थांबला तसं मला सगळं कळलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटत होतं की तिनं काही बोलू नये. जरा बाजूला सारावं, झाकावं आणि मला दुधाला जाऊ द्यावं.

"आक्का, गाठीच्या मागं सरकलंय," ती म्हणाली. "बोटभर. अन् लाल हाय."

म्हणजे दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मी वही मिटली. मग म्हणाले, "उद्या बीडला जाऊ. तू बी चल, बाईला तूच सांग." ती हो म्हणाली. फणी तिच्या हातातच होती.

"भांग कुठं काढू?"

इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं. "मधी काढ," मी म्हणाले. तिनं नाकाच्या रेषेत, त्या लाल कडेवरूनच, सरळ काढला. मग पदर मीच वर घेतला, कारण बाहेर किटल्या वाजायला लागल्या होत्या.