शेवटच्या नळाचं गोड पाणी

वस्तीत त्याला सगळे पावडर म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत आणि शिवी द्यायची असली की शिवीच्या जोडीला म्हणत. चारशे घरांना पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. पहाटे टाकीत जंतू मारायची पांढरी पावडर कालवायची, तासभर थांबायचं, मग खड्ड्यात उतरून लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह उघडायचा. अंगाला, कपड्यांना, अंथरुणालासुद्धा त्या पावडरीचा उग्र वास. डोळे कायम लाल. थेंबभर न पिताही तो प्यायलेला वाटायचा, आणि स्वभाव तर त्याहून वाईट. शब्दाने शब्द वाढायच्या आत त्याचा हात उठत असे.

लोकांची तक्रार एकच, पाण्याला वास येतो. चहा बिघडतो, जीभ खरखरते. आता पाणी चांगलं की वाईट हे जिभेने ठरवणाऱ्या माणसांपुढे कुणी डोकं फोडावं? ज्या दिवशी वास कमी त्या दिवशी पाणी चांगलं, असं साऱ्या वस्तीने ठरवून टाकलं होतं, आणि ते बरोबर उलटं होतं. पावडरने त्यांची समजूत एकदाही घातली नाही. "प्यायचं तर प्या, नाहीतर तहानेने मरा," एवढंच तो म्हणायचा.

न सांगण्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी ताईच्या मुलीचं लग्न होतं. ताई म्हणाली, "अरे, दोन दिवस पावडर जरा कमी घाल. पाहुण्यांना काय वासाचा चहा पाजायचा?" थोरल्या बहिणीचा शब्द त्याला मोडवेना. त्याने निम्मीच घातली. पाहुण्यांनी पाण्याचं तोंडभरून कौतुक केलं. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या, सहाव्या दिवशी तिला तिरडीवर घातली. लोक म्हणाले, काहीतरी शिळं खाल्लं असेल. ताई गप्प राहिली, तोही गप्प राहिला. पुढे ताईचा नवरा गेला आणि ती भावाकडेच राहायला आली, तरी दोघांत तो विषय कधी निघाला नाही.

तेव्हापासून त्याच्या खिशात एक काचेची नळी असे. पाणी सोडलं की तो चालत वस्तीच्या अगदी शेवटच्या नळापर्यंत जायचा, नळीत पाणी धरायचा आणि औषधाचे पाच थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की पावडर शेवटपर्यंत पोचली. नाही झालं, तर वाटेतल्या कुठल्यातरी घाणीशी झुंजून ती संपली. बारा वर्षं ते रोज पिवळं होत आलं होतं.

शेवटचा नळ खालच्या गल्लीत, गटाराला लागून, लोहाराच्या अंगणात होता. लोहाराची म्हातारी आई रोज त्याची वाट पाहत बसायची ती शिव्या द्यायला. "आलास का रे मेल्या विष घेऊन?" हा तिचा रोजचा रामराम.

त्या दिवशी मात्र ती हसली. हातातला पेला रिकामा करून ओठ पुसत म्हणाली, "आज पाणी किती गोड आलंय रे! शेवटी आलास बाबा माणसात."

पावडरने नळी भरली, थेंब टाकले, पांढऱ्या भिंतीसमोर धरली. पाणी पांढरंच. पुन्हा भरली. पुन्हा पांढरंच.

इथे कुणीही शहाण्या माणसाने दोन शब्द बोलले असते. पावडरने लाथ घातली. म्हातारीचा भरलेला हंडा तिच्या पायांवरून गडगडत गेला. तो शेजारच्या अंगणात धावला, तिथली कळशी लाथाडली, पुढे एका बाईच्या डोक्यावरची घागर हिसकून दगडावर आपटली. "ओता! सगळं ओता!" एवढंच ओरडत तो व्हॉल्व्हच्या खड्ड्याकडे पळाला. मागे अकरा भांडी चेमटून पडली होती आणि त्यामागून अख्खी गल्ली येत होती. सगळ्यांच्या पुढे लोहार. त्याने आईचा हंडा उडताना पाहिला होता आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पावडरने खड्ड्यात उडी मारून व्हॉल्व्ह बंद केला, तोच लोहाराने त्याला मानगुटीला धरलं.

"म्हातारीवर पाय उचलतोस?"

पहिला ठोसा नाकावर बसला. नाकातून रक्ताची धार लागली. चहाचं दुकान चालवणारा वरून ओरडला, "वरच्या आळीला पाणी चढलंच नाही अजून! उघड म्हणावं!" कुणीतरी वीट भिरकावली, ती पावडरच्या कानशिलावर बसली. लोहाराने चावी व्हॉल्व्हवर बसवली. पावडरने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. लोहार कळवळून मागे सरला तेवढ्यात पावडरने कोपऱ्यातला घण उचलला आणि व्हॉल्व्हच्या दांडीचं चौकोनी डोकं, जिथे चावी बसते ते, तीन घावांत उडवून दिलं. आता तो व्हॉल्व्ह कुणाच्या बापाला उघडता आला नसता.

मग लोकांनी त्याला धरून बडवला. खड्ड्यातून ओढून काढला, जो आला त्याने हात धुऊन घेतले. चहावाल्याने बरगड्यांत लाथा घातल्या. ज्या बाईची घागर फुटली तिने त्याचे केस धरून तोंड चिखलात दाबलं. शेवटी लोहाराने त्याचा उजवा हात दगडावर धरला आणि लोखंडी चावी खाली आणली. तीन बोटं मोडल्याचा आवाज ऐकूनच लोक जरा मागे हटले. ताई धावत आली तेव्हा तो तुटके दात थुंकत होता.

दुपारी ताईच्या निरोपावरून पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून माणसं आली आणि त्यांनी खालची गल्ली खोदली. पाइपाचा सांधा निखळला होता आणि गटार सरळ आत शिरत होतं. काळा, गिळगिळीत गाळ फावड्याने निघाला. लोक काठावर उभे राहून ते बघत राहिले आणि मग एकेक करून घरी गेले. दहाबारा जणांना जुलाब झाले, ते सलाईनवर निभावले. वस्तीत टँकर सुरू झाला. ज्यांनी मारलं त्यांतलं एकही माणूस पावडरच्या दाराशी फिरकलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी लोहार आला. हातात झाकलेला तांब्या. ताई दारात आडवी उभी राहिली, पण पावडर खाटेवरून म्हणाला, "येऊ दे."

लोहाराने तांब्या खाली ठेवला. "तपास."

"कुठलं हे?"

"आईच्या उशाचं. तू एक हंडा लाथाडलास. दुसरा मी आधीच आत नेऊन ठेवला होता. ती म्हणाली, असं गोड पाणी पुन्हा कधी येणार, कुणाला देऊ नकोस. मी गटाराचं सांगितलं, तर म्हणाली, गोड पाण्यात कसली घाण? टँकरच्या पाण्याला शिवली नाही. घोट घोट पुरवून प्यायली."

"आता कशी आहे?"

"सकाळी पोचवून आलो."

पावडरने डाव्या हाताने नळी धरली. थेंब लोहारालाच टाकावे लागले. त्याने मोजून पाच टाकले आणि नळी उजेडात धरून पाहिली.

"पांढरंच आहे," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे चांगलं होतं ना? पाण्याने नाही गेली ना ती?"

"पिवळं व्हायला हवं होतं," पावडर म्हणाला. "वास येतो तेच पाणी चांगलं. गोड लागलं की समजायचं, पावडर संपली."

लोहार खाटेवर वाकला. "हे बारा वर्षांत एकदा तरी बोललास?"

पावडरने मान भिंतीकडे वळवली.

"लाथ मारता येते तुला! तोंड नव्हतं?" लोहाराने झडप घातली आणि त्याचा गळा आवळला. खाट करकरली, नळी फुटली. पावडरने हातसुद्धा उचलला नाही. ताई लोहाराच्या पाठीत लाटणं हाणत होती आणि किंचाळत होती, "सोड त्याला! मी सांगितलं होतं! पावडर कमी घाल, असं मीच म्हटलं होतं!"

लोहाराचे हात सैल पडले. "कधी?"

"माझी बायको त्याच पाण्याने गेली," पावडर खोकत म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी. निम्मीच पावडर घातली मी. पाणी कशाने बिघडतं ते सांगायचं, तर हेही सांगावं लागलं असतं."

ताई भिंतीला धरून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. लोहार उठला. त्याने तांब्या उचलला, दाराबाहेर जाऊन पाणी मातीत ओतलं आणि परत उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला.

"पाणी सुटेल त्या दिवशी प्रत्येक दारात सांगायचं," तो म्हणाला. "एक दार जरी चुकवलंस, तर दुसरा हातही मोडीन."

पाणी सुटलं ते आठ दिवसांनी. नवा व्हॉल्व्ह लोहाराने उघडला, कारण पावडरला चावी धरता येत नव्हती. पहिलं घर चहावाल्याचं होतं. त्याने दार उघडलं, पेल्यातलं पाणी हुंगलं आणि नाक मुरडलं. पावडरने गळ्यात बांधलेला हात सावरला.

"माझी बायको पाण्याने गेली," त्याने सुरुवात केली.