धुऊन काढलेली बाग

"आई, इस्त्रीच्या टेबलावरचं कापड कुठे गेलं?" सुनेने विचारलं.

"नळाला टांगलंय."

ती स्वयंपाकघरात आली. नळाला मी चक्का बांधला होता आणि दह्याचं पाणी खालच्या पातेल्यात ठिबकत होतं. तिने गाठीपाशी कापड दोन बोटांनी ताणून पाहिलं आणि तिथेच फरशीवर बसली.

"तुम्ही हे धुतलंत?"

"मग न धुता दही बांधू? तीन पाण्यांतून काढलंय. काय ती खळ! आणि नीळ तर कोणी बाटलीभर ओतली होती."

सात वर्षांची नात दारात उभी होती. मराठी समजतं तिला, पण बोलायला लाज वाटते. "आजी, दॅट वॉज मम्माज गार्डन," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की मी एक बाग धुतली.

सून तीन वर्षं हॉलंडच्या बागांचा इतिहास लिहीत होती. ती जन्मली साताऱ्याला, राहते ॲडलेडच्या मॉसन लेक्समध्ये, आणि हॉलंड तिने विमानतळापुरतं पाहिलंय. तिथल्या श्रीमंतांना म्हणे सरळ वाफे नको झाले होते. मग त्या सपाट देशात खड्डा खणून तळं करायचं, त्याच मातीची टेकडी करायची, वाट मुद्दाम वाकडी काढायची आणि पाहुण्यांना सांगायचं की बघा, निसर्ग. अशा बागा आखणाऱ्या लोकांवर ती युनिमध्ये, म्हणजे इथल्या विद्यापीठात, डॉक्टर होणार होती. आमच्या मागच्या अंगणात मात्र कोथिंबीर उगवत नव्हती.

त्यातला एक बागवाला दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनंतर बायकामुलांना घेऊन बोटीने ऑस्ट्रेलियात आला आणि इथे लोकांचं गवत कापून जगला. त्याने आखलेल्या बागांचा एकही नकाशा कुठे सापडत नव्हता. सुनेने त्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं. देश सुटला, मन मोडलं, म्हणून त्याने आपलं काम स्वतःच्या हाताने नष्ट केलं, असं. ते वाचून तिचे प्राध्यापक हळवे झाले होते. मग त्या बागवाल्याची मुलगी तिला सापडली. नव्वदीची बाई, आमच्यापासून वीस मिनिटांवर एकटी राहणारी. तिच्याकडे एक नकाशा उरला होता आणि वडिलांच्या पत्रांची एक पेटी होती. तिने नकाशा शनिवारी दिला आणि सांगितलं, मंगळवारी जसाच्या तसा परत आण, मग पेटी देईन. सोमवारी तो युनिच्या मोठ्या मशीनवर स्कॅन व्हायचा होता. सोमवारीच पाडवा होता. रविवारी मी चक्का बांधला.

नकाशा कागदाचा असतो एवढं चौथी पास बाईलाही माहीत असतं. हा कापडाचा होता. त्या काळी बारीक सुती कापडाला दाट खळ देऊन, घोटून, त्यावर शाईने काढत, हे मला नंतर सांगितलं. मी पाहिलं ते असं: इस्त्रीच्या टेबलावर एक निळसर, कडक कापड. नातीने त्यावर गोल गोल रेघोट्या ओढलेल्या, कारण ती भिंतही सोडत नाही. बोटाला थुंकी लावून पाहिलं, चिकटलं. खळच. मी तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्सबायांच्या टोप्यांना खळ दिली आहे. कडक कापडाच्या आत किती मऊ कापड असतं ते मला कोणी शिकवायला नको. आणि या घरात फडकं म्हणून नाही. कागदाने पुसतात, फेकतात. मी येताना आणलेला पंचा मुलाने गाडी पुसायला नेला.

चूक माझीच होती. नकाशा इस्त्रीच्या टेबलावर कोण पसरतं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. नंतर विचारलं.

"फोटो काढला असशील ना?" मुलाने बायकोला विचारलं.

काढला होता. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायला. त्यात तिचा चेहरा छान आला होता. मागे अर्धं तळं दिसत होतं.

"त्यांना सांग, गाडीतून चोरीला गेला," मुलगा म्हणाला. तो कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे.

"तू गप बस," मी म्हटलं. "धुतलं मी, सांगणार मी."

"आई, तुम्हाला इंग्लिश येत नाही," सून म्हणाली.

"तू आहेस ना, डॉक्टरीणबाई."

पाडवा झाला तसा झाला. श्रीखंडाला कोणी हात लावला नाही. मी खाल्लं. चांगलं झालं होतं. सून खोलीत बसून माफीचं भाषण पाठ करत होती. पेटी गेली तर तीन वर्षं गेली, हे तिने मला बोलून दाखवलं नाही. दार मात्र जोरात लावलं.

मी ते कापड पुन्हा धुतलं, भाताच्या पेजेची खळ दिली, इस्त्री केली. रिकाम्या हाताने जायचं नाही आणि बोळा करून द्यायचा नाही. मंगळवारी ते पांढरंशुभ्र, कडक कापड मी स्वतः त्या बाईच्या मांडीवर ठेवलं आणि मराठीत सांगितलं, "बाई, मी यात दही बांधलं." सून इंग्रजीत सांगायला लागली ती रडतच.

बाईने कापड उजेडाला धरलं, अंगठा फिरवला, वास घेतला. मग काठीवर हात ठेवून उठली आणि आत गेली. सून मला म्हणाली, "पोलिसांना फोन करतील आता."

"कापडासाठी?"

बाई परत आली ती लहान मुलीचा एक फ्रॉक घेऊन. पिवळा पडलेला, बारीक सुती. फ्रॉकच्या घेराला एक फिकट वाकडी रेघ होती. नीट पाहिल्यावर कळलं, तळ्याचा काठ.

लढाईत कापड मिळत नव्हतं, ती सांगायला लागली आणि सून मला मराठीत सांगत गेली. तिची आई नवऱ्याचे नकाशे एकेक करून पिंपात भिजवायची. त्यातून फ्रॉक झाले, उशांचे अभ्रे झाले, चड्ड्या झाल्या. "माझ्या वडिलांनी एका उमरावासाठी गुलाबाचा ताटवा आखला होता," बाई म्हणाली, "मी शाळेत रोज त्याच्यावर बसायचे." हा शेवटचा नकाशा आईने रुमालांसाठी बाजूला ठेवला होता. तेवढ्यात बोट आली. माझ्याकडे काठी दाखवून ती म्हणाली, "हिने काम पुरं केलं. पण मला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हटलं. हे सुनेला इंग्रजीत करून सांगावं लागलं नाही.

सुनेचे डोळे कोरडे झाले होते. मन मोडलेला बागवाला, हळवे प्राध्यापक, आख्खं प्रकरण, सगळं पिंपात गेलं होतं. तिने फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय?"

"तू पाच महिने येतेस," बाई म्हणाली. "आज विचारलंस."

पेटी तिने दिली. कापड ठेवून घेतलं. त्याचे रुमाल करणार म्हणाली.

सुनेने ते प्रकरण फाडून नवं लिहिलं, आणि आता तिच्या नावापुढे डॉक्टर लागतं. शेवटच्या नकाशाबद्दल तिने एक ओळ लिहिली आहे. नातीने मला ती वाचून दाखवली, तीही मराठीत, अडखळत: तो नकाशा घरगुती वापरात नष्ट झाला.

बागवाला आणि त्याची बायको इथेच केव्हाच पुरली गेली. ती बाई गेल्या थंडीत वारली. घरगुती वापर म्हणजे मी, आणि मी अजून आहे.