तात्यांची हिरवी खूण

आमच्या कंपनीत घडीच्या खुर्च्या बनतात. पाइप कापणारा, वेल्डर, रंगारी, बैठक बसवणारी अशा सगळ्यांच्या हाताखालून खुर्ची गेली, की शेवटी ती तात्यांना दाखवायची, हा पहिल्यापासूनचा रिवाज. तात्या तिच्या पाठीवरून हात फिरवायचे, "छान आहे, पाठवा" म्हणायचे आणि बैठकीच्या खालच्या अंगाला हिरव्या पेनने बरोबरची खूण करायचे. मी हिशेब बघते, माझं टेबल त्यांना लागून. त्यांचं ते वाक्य माझ्या कानात इतकं बसलं होतं, की घरी नवऱ्याने नवा शर्ट घालून दाखवला तरी माझ्या तोंडून तेच निघायचं.

माणूस अगदी नाकासमोर चालणारा. कुणाच्या कामाला नावं ठेवायची वेळ आली तर यांनाच घाम फुटायचा. मला कधीकधी राग यायचा त्यांचा. अहो, खुर्चीला वाईट म्हटलं तर खुर्ची काय रुसून बसणार आहे?

मालकांनी अंथरूण धरलं आणि त्यांची मुलगी कारभार बघायला लागली. तिला आम्ही ताई म्हणतो. तिने ठरवलं, की ऑर्डर आल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत कोण काय करतो, कसं करतो, पुढे कुणाकडे देतो, हे सगळं लिहून काढायचं. उद्या कुणी आजारी पडलं तर काम अडायला नको. लिहायचं काम दिलं तात्यांना, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि त्यांच्याशी कुणाचं भांडण नाही.

तात्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकू घरी पडदे शिवून देतात. त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, की आमच्या ह्यांच्याशिवाय त्या कंपनीचं पान हलत नाही.

मग तात्या स्टूल घेऊन एकेकापाशी जाऊन बसायला लागले. वेल्डर म्हणाला, सांधे भरतो, घासतो आणि तुम्हाला दाखवतो.

"दाखवायच्या आधी चारी पाय सारखे टेकतात का, ते बघत असशील ना?"

"तुम्ही बघता की, तात्या. मग मी कशाला बघू?"

रंगाऱ्याने तेच सांगितलं. बैठक बसवणारीनेही तेच. तात्या खाली मान घालून सगळं जसंच्या तसं उतरवत गेले. थाप मारणं त्यांना जमतच नाही, हेच तर त्यांचं दुखणं. सगळ्यांचं लिहून झालं आणि त्यांच्या स्वतःच्या कामाचं पान तेवढं कोरं राहिलं. पेन उघडायचे, परत टोपण लावायचे. शेवटी मी विचारलं, काय अडलंय?

"मला वाटायचं, ते बघूनच आणतात," तात्या म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, लिहा काहीही. उलटी करून तपासतो, वजन टाकून बघतो, कोण येतंय खात्री करायला? त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि लिहिलं, "खुर्ची येते. हात फिरवतो. खूण करतो."

ताईने ते वाचलं. ओरडली नाही, टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाली, की यापुढे ज्याने त्याने आपलं काम आपणच तपासायचं आणि काही दिवस माल तात्यांना न दाखवता जाऊ द्यायचा. काय होतं ते बघू, मग तात्यांच्या कामाचं ठरवू.

आधी सवयीने खुर्च्या आमच्या टेबलापाशी यायच्या आणि माघारी फिरायच्या. मग तेही थांबलं. वेल्डर कुरकुरत का होईना, प्रत्येक सांगाडा लोखंडी पाटावर ठेवून बघायला लागला. डुगडुगणारे सांगाडे तो कोपऱ्यात टाकायचा. तिथे ढीग साचत चालला आणि तात्या दिवसभर त्या ढिगाकडे बघत बसायचे.

मी मात्र देव पाण्यात घालून बसले होते. एक तक्रार येऊ दे. कंपनीची बदनामी झाली तर होऊ दे, पण कुणीतरी म्हणायला हवं होतं, की तात्या नव्हते म्हणून हे झालं.

आणि तक्रार आली. एका सभागृहाने खुर्च्या परत पाठवल्या, बसलं की हलतात म्हणून. मी धावत तात्यांकडे गेले. "आलं बघा. तुमच्यावाचून चालत नाही म्हणजे नाही." तात्यांनी चष्मा पुसला, सदरा नीट केला आणि ताठ मानेने परत आलेल्या खुर्च्यांपाशी गेले. इतक्या दिवसांत त्यांचं तोंड असं फुललेलं मी पाहिलं नव्हतं.

वेल्डरने एक खुर्ची जमिनीवर ठेवून दाबली. पाय टकटक वाजला. तक्रार आली तर आधी खुर्ची उलटी करून बघायची, असं त्या कागदांत तात्यांनीच लिहिलं होतं. त्यांनी ती उलटी केली. खाली हिरवी खूण होती. दुसरी केली. तिच्यावरही होती. माल जुना होता, तात्यांनीच "छान आहे" म्हणून पाठवलेला.

वेल्डर तोंड फिरवून आपल्या कामाला लागला. तात्या मात्र एकेक खुर्ची उलटी करत राहिले. अहो पुरे, असं मी म्हणेपर्यंत.

महिनाअखेरीला ताईने त्यांना निरोप दिला. नीट बसवून, आदराने बोलली. तिच्यावर चिडावं तर चिडायला जागा नव्हती आणि मला तेच झोंबलं.

मध्यंतरी त्यांच्या घरी गेले होते. तात्या खिडकीपाशी बसलेले. काकूंनी मशीनवरून एक पडदा काढला आणि मला कौतुकाने म्हणाल्या, यांना दाखवल्याशिवाय मी आजवर एक पडदा बाहेर दिला नाही. "अहो, बघा बरं, ठीक झालाय ना?"

तात्यांनी पडदा मांडीवर घेतला. उलटा केला. शिवणीवरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि पुन्हा मागे आले. काकू हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या.

"मला नाही गं कळत," तात्या म्हणाले. "तूच बघ."

शिवण सरळ होती. मला लांबूनही दिसत होतं. मी तसं म्हणालेसुद्धा, पण दोघांपैकी कुणीच माझ्याकडे बघितलं नाही.