एकशेसदतीस जीबीच्या पुढे

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, देवाला गाऱ्हाणं घालताना नाही — तिथेही मी एवढं सोडून बाकीचं सगळं सांगतो. आज तुम्हाला सांगतोय. का? माहीत नाही. बसा जरा.

मालवणात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी मला दशावतारात राजा व्हायचं होतं. विशीत धामापूरच्या आबांपुढे जाऊन उभा राहिलो. आबा दशावतारी कंपनीत पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवायचे; त्यांचा शब्द चालायचा. माझी दोन वाक्यं ऐकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्येका पेटारो उचलूक ठेवा." म्हणजे कंपनीच्या सामानाचा हमाल. सगळे खदाखदा हसले. आबांचा मुलगा दिगू, तोही हसला. राजा तोच झाला. आणि खोटं कशाला बोलू — मेल्याने केलाही झकास.

दिगू पुढे काविळीने गेला. त्याची नाटकं आबांनी व्हिडिओ कॅसेटवर घेऊन ठेवली होती. आमच्या दशावतारात लिहिलेलं काही नसतं हो, नट उभा राहून बोलेल तेच नाटक. कॅसेट गेली की दिगूचे शब्द गेले. आणि इथल्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती.

आबा माझ्याकडेच आले. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं कार्ड त्यांच्याकडे होतं, पण ते फक्त जुन्या विंडोजवर चालायचं. हवी होती मोठी हार्ड डिस्क. मी पाचशे जीबीची दिली, दुकानातल्या नव्या मशीनवर फॉरमॅट करून. त्यांच्या स्क्रीनवर पाचशेचा आकडा दिसला. म्हातारा खूश!

आता ऐका. त्यांची ती विंडोज, अगदी पहिल्या खेपेची, एकशेसदतीस जीबीच्या पलीकडे पोचतच नव्हती. दाखवायची पाचशे. पण हद्द ओलांडली की पुढचं सगळं गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला जाऊन जुन्यावरच लिहायची. अपडेट टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! डिस्क जोडताना अगदी जिभेवर आलं होतं. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

महिन्याभराने आबांचा फोन. "दिगूच्यो सगळ्यो उतरल्यो रे. आता दुसऱ्यांच्यो घेतंय. ह्यो कॅसेटी खाडयेत सोडू मां?" त्यांच्या घरात जुने मुकुट, फुटका साज कचऱ्यात टाकत नाहीत, कर्लीच्या खाडीत सोडतात. 'थांबा' — एवढा एक शब्द पुरला असता. दुसऱ्यांच्या कॅसेटी आता दिगूवर चढणार, हे मला फोन कानाला असतानाच दिसत होतं. मी म्हटलं, "सोडा आबा. डिस्कीत आसत सगळे."

पुढे डिस्क उघडेना. आबा ती स्वच्छ फडक्यात गुंडाळून दुकानात आले. सुरुवातीचा भाग गेला होता, पण पुढे बरंच शाबूत होतं. मी शोधलं, आणि दिगू सापडला. मुकुट घालून, आवाजासकट. हेडफोन माझ्या कानात. आबा समोर स्टुलावर, हात जोडून बसलेले. मी तो तुकडा पुरता ऐकला, बंद केला आणि डिस्क पुसून टाकली. अगदी सावकाश — काही म्हणता काही उरणार नाही अशी. वर म्हटलं, "काय एक गावला नाय. आबा, तुमीच कायतरी भलता दाबलास."

वाईट वाटलं म्हणू? नाही वाटलं. बरं वाटलं. घरी जाऊन मासे-भात पोटभर जेवलो. अशी माणसं असतात का? असतात. एक मी आहे.

आबांनी ते खरं मानलं. त्या दिवसापासून ते कसल्याच बटणाला हात लावत नाहीत, मोबाईलसुद्धा सून लावून देते. कुणी दिगूचं नाव काढलं की म्हणतात, "माझ्याच हातान गेलो तो." गेल्या आठवड्यात देवळात चारचौघांत तेच म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, "ह्येणा बिचाऱ्यान खूप खटपट केल्यान."

मी तो हात झटकला नाही. म्हटलं, "आसांदे आबा. वय झाला तुमचा."