साहेबाच्या माशांची ऊब

लाचारीलाही थोडी अक्कल लागते. आमच्या आरमोरीच्या लाकूड डेपोतला कारकून गुणवंतराव याच्यापाशी लाचारी गाडाभर आणि अक्कल चिमूटभर. त्याच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

१९८४ च्या हिवाळ्यात आमचे साहेब दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला निघाले. त्यांच्या बंगल्यात पाच फुटी काचेची पेटी होती आणि तिच्यात लांब पंखांचे चौदा एंजल मासे. "यांना गारठा सोसत नाही, पाणी कोमट राहिलं पाहिजे," साहेब म्हणाले. कोण सांभाळेल, हे विचारायच्या आत गुणवंतरावानं हात वर केला. हेडक्लार्कची जागा फेब्रुवारीत रिकामी होणार होती, आणि ती मासे जगवणाऱ्यालाच मिळणार हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं.

पेटी बैलगाडीत भाताचं तणस घालून त्याच्या घरी आली आणि बैठकीत देवासारखी बसली. पाण्यात सोडलेल्या हीटरचा लाल दिवा हा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचा. घरात जाड रग एकच, तो पेटीला गुंडाळला. त्याची बायको इंदुताई कुडकुडत वावरायची. थंडीत तिचे गुडघे आखडतात हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. याला पेटीचं तापमान तेवढं तोंडपाठ. मला तर त्याची किळस यायची.

जानेवारीत लाइट रोज सकाळी जाऊ लागली. हीटर बंद, पाणी गार, मासे तळाशी जाऊन बसले. गुणवंतरावाचं तोंड सुतकी झालं. मग त्याला युक्ती सुचली. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा गुंड चुलीवर चढवायचा आणि त्यातलं पाणी थोडं थोडं पेटीत ओतायचं. गुंडही असा तसा चालायचा नाही. साहेबाचे मासे ना ते! रोज चिंच लावून लखलखीत घासलेला हवा. घासायची कोण? इंदुताई.

लच्छू ढिवर बोडीतली, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातली, जिवंत मासोळी दारोदार विकायचा. त्यानं दारातून हा प्रकार पाहिला आणि डोक्यावरची घागर खाली ठेवली.

"भाऊ, तांब्यातलं पाणी नोका टाकू. आमी मासोळी मातीच्याच घागरीत ठेवतो. तांबं बाधते तिले."

"तुह्या मासोळ्या खाच्या, ह्या पाहाच्या!" गुणवंतराव खेकसला. "तांब्याचं पाणी माणसाले औषध हाय, तं मासोळीले काऊन नाई? जा, शिकवू नोको मले."

आंबट लागलं की तांबं पाण्यात उतरतं, हे चुलीपाशी राबणारी कोणतीही बाई जाणते. कल्हई नसलेल्या भांड्यात ती ताकाची कढी ठेवत नाही. इंदुताईनं तेच सांगून पाहिलं, तर या शहाण्यानं तिलाही गप्प बसवलं. चौथ्या दिवशी सकाळी चौदाही मासे पोट वर करून तरंगत होते. पाणी मात्र छान कोमट होतं.

साहेब परतले ते थेट त्याच्या घरी आले. मी मागोमाग होतोच. असला तमाशा कोण सोडतो? गुणवंतराव हात जोडून म्हणाला, "साहेब, मी ऑफिसात होतो. इनं तांब्यातलं पाणी ओतलं. अडाणी बाई, काय करू!"

इंदुताई चहाचे कप घेऊन आतल्या दारात उभी होती. तिनं एक कप साहेबांसमोर ठेवला.

"साहेब, मीनं गुंड घासला, हे खरं हाय. पाणी यायनंच टाकलं. लच्छू नोका म्हणे, मी नोका म्हणो. पुसा लच्छूले."

साहेबांनी रिकाम्या पेटीकडे पाहिलंही नाही. "मासे काय, नागपूरला पुन्हा मिळतील," ते म्हणाले. "पण जो बायकोवर ढकलतो, तो उद्या ऑफिसातली चूक माझ्यावर ढकलेल. हेडक्लार्कचं विसरा."

ते गेले, तसा हा इंदुताईवर तुटून पडला. "माही जागा घालवली तुनं!"

"हव, घालवली," ती म्हणाली. "भेटली असती, तं जलमभर माह्या नावानं खोटं बोलूनच टिकवली असती तुमीनं."

मग तिनं त्याच्या वाटचा चहा बशीत ओतला आणि आम्हा दोघांसमोर बसून सावकाश पिऊन टाकला.