दुसरी लाइन

"ही दुसरी लाइन काय पूजेला ठेवलीय? काढा आणि तिच्यावर फॅक्स लावा."

आमचे सर वायरमनला सांगत होते. मी हेडफोन कानावरून खाली घेतला.

माणिकपूरला दुकानांच्या वर आमचं ऑफिस होतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून आम्ही मुली ते टाइप करत असू आणि संध्याकाळी नेटवरून परत पाठवत असू. त्या दिवशी एका नव्या हॉस्पिटलने आमचं काम पारखायला दिलेल्या फाइली जायच्या होत्या. वेळेत गेल्या तर त्यांचं काम आमच्याकडे राहणार होतं, नाहीतर दुसरीकडे जाणार होतं.

मी कंप्युटरचा कोर्स केलेला म्हणून राउटर, म्हणजे नेट जोडणारा डबा, माझ्या टेबलाजवळ होता. त्याला दोन लाइनी. सगळं काम मोठ्या लाइनवरून चाले. ती बंद पडली की राउटर आपणहून साध्या फोनच्या लाइनवरून डायल करी आणि सगळं तिकडून वळवी. मोठी सुरू झाली की परत तिच्यावर. कोणाला विचारणं नाही, सांगणं नाही.

सकाळी खाली गटारासाठी रस्ता खणायला घेतला आणि मोठ्या लाइनचा दिवा विझला. बाजूचा लुकलुकायला लागला. बाकीच्यांना एवढंच कळलं, की काम रेंगाळतंय.

"आज नेट जेवून झोपलंय वाटतं," शेजारची म्हणाली होती.

सरांशी आम्ही कोणी थेट बोलत नसू. आमच्यावर देखरेख करणाऱ्या ताईंना सांगायचं, ताई त्यांना सांगत. आणि ताई आज पापडी गावाला, भाचीच्या लग्नात. दुपारपर्यंत मोठी येईल, मग सांगायलाच नको, असं मी धरून चालले होते. ती आली नाही.

"तू सांग ना सरांना," मी शेजारचीला कुजबुजले.

"मी कशाला? तुझा डबा, तूच सांग. देवानं तोंड दिलंय ना? का तेही शाळेत जमा केलंस?"

पलीकडच्या दोघी हसल्या.

वायरमनने फोनच्या लाइनचा खोका भिंतीवरून खाली घेतला. माझ्या स्क्रीनवर फाइली एकेक करून चालल्या होत्या, अजून अर्ध्याही गेल्या नव्हत्या. मी उठले, बसले. पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं. ते फार उद्धट वाटलं. मराठीत जुळवलं तर रडवेलं. सर केबिनकडे वळले होते. वायरमनने पेचकस तोंडात धरला आणि वायर दोन बोटांत पकडली.

माझी खुर्ची मागच्या कपाटावर आदळली. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काका, हात लावू नका! सर, मोठी लाइन सकाळपासून बंद आहे. आपलं सगळं ह्याच लाइनवरून चाललंय."